व्यसन सोडून घरी आलेल्या मुलाला आईवडिलांनी कसे सांभाळावे?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना झाली, सतरंज्या गुंडाळल्या, लोक आपापल्या घरी गेले. एक ताई मात्र विहाराच्या पायरीवर तशाच बसून होत्या. शेवटचा माणूस गेल्यावर त्या आमच्या गटातील परिचारिकाताईंजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मंगळवारी पोरगा केंद्रातून घरी येतोय. तीन महिने झाले. आता त्याला कोंडून ठेवू की मोकळा सोडू? काही कळत नाही बघा."

मुलगा एकोणीस वर्षांचा. आधी गुटखा, मग गांजा, मग एमडी. केंद्राची फी भरायला बचत गटातून कर्ज काढलेले. शेजारीपाजारी "मामाकडे गावी गेलाय" असे सांगून ठेवलेले. तीन महिने या माउलीने कोणाजवळ तोंड उघडले नव्हते.

आमच्या वस्तीच्या आरोग्य गटात दोन आशाताई आहेत, एक निवृत्त परिचारिका आहेत आणि अकरा वर्षांपूर्वी दारू सोडलेले एक काका आहेत. त्या दिवशी आम्ही ताईंना जे सांगितले आणि पुढे डॉक्टर, समुपदेशक आणि अशाच इतर घरांकडून जे शिकलो, ते या पानावर मांडत आहोत. ताईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही. लेखात आम्ही 'मुलगा' असे लिहिले असले तरी मुलीही व्यसनात सापडतात. बदनामीच्या भीतीने मुलींचे व्यसन घरात जास्त लपवले जाते आणि उपचाराला उशीर होतो, हेही आम्ही पाहिले आहे.

हा आजार आहे, पण आपोआप बरा होणारा नाही

व्यसन हा मेंदूचा आजार आहे. आवडते जेवण, शाबासकी, जिवलगांची सोबत यांतून आपल्याला जो आनंद मिळतो, तो मेंदूतील काही रसायनांमुळे. नशेचे पदार्थ त्याच रसायनांचा पूर आणतात. वारंवार असे झाले की साध्या गोष्टीतला आनंद मेंदूला जाणवेनासा होतो आणि नशा नसली की बेचैनी सुरू होते. मुलांमध्ये हे लवकर घडते, कारण विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पूर्ण तयार होत नाही.

म्हणून "मनात आणलं तर एका दिवसात सोडेल" हे बोलणे खरे नाही. आणि "आजार आहे, तो तरी काय करणार" म्हणून सगळे चालवून घेणेही बरोबर नाही. मधुमेहाच्या माणसाला आपण दोष देत नाही, पण पथ्य आणि गोळी त्यालाच पाळावी लागते. व्यसनाचेही तसेच आहे. आजार त्याने मुद्दाम आणलेला नाही, पण बरे होण्याचे काम त्याचे आहे. आईवडिलांचे काम त्याला साथ देण्याचे आहे.

आपल्या घरांत याला आणखी एक बाजू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पाचवे शील आपण दर रविवारी घेतो. त्यामुळे "बौद्धाच्या घरात हे घडलं" म्हणून आईवडिलांना दुप्पट लाज वाटते आणि ती गोष्ट दाबून ठेवली जाते. पण शील आपण एकदाच घेऊन थांबत नाही. दर वंदनेला पुन्हा घेतो, कारण माणूस चुकतो आणि त्याला पुन्हा सुरुवात करावी लागते. व्यसन सोडणाऱ्या मुलाकडेही याच नजरेने पाहायला हवे.

घरी आल्यानंतरचे पहिले दिवस

केंद्रातून किंवा रुग्णालयातून मुलगा घरी येतो तेव्हा शरीरातली नशा गेलेली असते, मेंदू मात्र अजून सावरत असतो. झोप लागत नाही, चिडचिड होते, कशातच मन लागत नाही. एमडी सोडलेली मुले पहिले काही दिवस खूप झोपतात आणि नंतर फार उदास होतात. गांजा सोडलेल्यांना झोप आणि भूक परत यायला एकदोन आठवडे लागतात. हा त्रास कमी-जास्त होत काही महिने राहू शकतो. आईवडिलांना वाटते, "बरा झालाय, मग कामाला का जात नाही? आळशी झालाय." तो आळस नसतो. टाके पडलेल्या माणसाला आपण दुसऱ्या दिवशी पाण्याचे हंडे उचलायला लावत नाही, तशी थोडी सवलत इथेही द्यावी लागते.

उदासी फार वाढली, "मी मेलेलाच बरा" असे तो बोलू लागला, तर "नाटकं करतो" म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातील फिनेल, उंदराचे औषध, जास्तीच्या गोळ्या हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

काही गोष्टी औषधाच्या बाबतीत नीट समजून घ्या.

दारू रोज आणि भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणे धोक्याचे आहे. शेवटच्या पेल्यानंतर दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस नसलेले प्राणी, माणसे पाहू लागतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गर्द सोडताना होणाऱ्या त्रासाला मुले 'टर्की' म्हणतात. अंग मोडून येते, जुलाब होतात, नाक-डोळे वाहतात. त्यावरही औषधे आहेत. जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिनची गोळी काही रुग्णांना महिनोन्‌महिने चालू ठेवावी लागते. "एक नशा सोडून दुसरी लावली" असे समजून ती मनाने बंद करू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जेवणात किंवा चहात न सांगता मिसळायची 'दारू सोडवणारी पावडर' कधीही वापरू नका. अशा पुड्यांत काय असते याचा भरवसा नसतो. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम खाली येतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टर रुग्णाला सगळे समजावून, त्याची संमती घेऊनच देतात. न सांगता दिले तर त्याला धोका कळतच नाही आणि कळल्यावर घरच्यांवरचा विश्वास कायमचा उडतो. दारू सोडवणारे बुवा, ताईत आणि अंगारे यांच्याबद्दल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

काय बोलावे, काय बोलू नये

ताईंना आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती अशी: मुलगा उंबरठ्यात आल्यावर पहिले वाक्य खर्चाचे नको. "तुझ्यापायी कर्ज झालं" हे खरे असले तरी ते त्या दिवशी बोलायचे नाही. ताईंनी त्या मंगळवारी एवढेच म्हटले, "आलास? हातपाय धू, जेवायला बस."

रोजच्या बोलण्यात या गोष्टी सांभाळाव्यात:

बेवडा, गर्दुल्ला, चरसी हे शब्द घरात कोणीही वापरायचे नाहीत. धाकट्या भावंडांनीही नाही. माणसाला जे नाव सारखे दिले जाते, ते त्याला स्वतःचेच वाटू लागते.

दिवसातून दहा वेळा "तोंडाचा वास दाखव, डोळे दाखव" असे करू नका. शंका आली तर शांतपणे, एकट्यात आणि एकदाच विचारा.

चांगले दिसले तर बोलून दाखवा. "आज वेळेवर उठलास, बरं वाटलं" एवढेही पुरते. आपल्याकडे मुलांचे कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही, पण या काळात ती लावून घ्यावी.

तो नशेत असताना वाद, समजावणे, मारणे काहीच करू नका. उपयोग शून्य असतो आणि हाणामारीची भीती असते. जे बोलायचे ते दुसऱ्या दिवशी, शुद्धीवर असताना.

हे केवळ आमचे मत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे १३० नातेवाइकांबरोबर केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या घरातील माणूस दारूच्या आहारी गेला होता आणि उपचाराला तयार नव्हता. काही नातेवाइकांना असे शिकवले गेले की तो शुद्धीत असेल तेव्हा जवळ करा, नशेत असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हा, त्याच्या चुका निस्तरू नका आणि स्वतःची काळजी घ्या. या गटातील ६४ टक्के घरांतील माणूस उपचाराला गेला. सगळ्यांनी एकत्र बसून एकदम जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. मुलगा पुन्हा घसरला आणि उपचाराला नको म्हणू लागला, तर घरच्यांनी कसे वागावे हे यातून कळते.

पैसा, उधारी आणि घरचे नियम

व्यसनातल्या मुलाच्या आईवडिलांच्या दोन चुका आम्ही नेहमी पाहतो. वडील मारतात आणि आई लपवते. वडिलांच्या मारामुळे मुलगा घराबाहेर राहू लागतो, तिथे त्याला जुनीच संगत मिळते. आई त्याची उधारी गुपचूप फेडते, कामावर "ताप आलाय" असा निरोप देते, चोरीला गेलेले पैसे आपल्याच हातून हरवले म्हणते. दोघांच्याही मनात माया असते. पण मुलाला यातून एकच कळते की बाबांना टाळायचे आणि आईला गाठायचे.

म्हणून आधी आईवडिलांनी एका मताचे व्हावे. मुलगा समोर नसताना बसा आणि ठरवा. मग मुलाला सोबत घेऊन चारपाच नियम कागदावर लिहा. ताईंच्या घरातला कागद असा होता: रात्री नऊच्या आत घरी. औषध रोज आईसमोर. समुपदेशकाची तारीख चुकवायची नाही. पहिले तीन महिने हातात रोख पैसे नाहीत, लागेल ती वस्तू घरचे आणतील. घरात नशा आणायची नाही.

नियम थोडे असावेत आणि पाळता येण्यासारखे असावेत. मोडला तर काय, तेही आधीच सांगावे आणि तेवढेच करावे. "घरातून हाकलून देईन" असे रोज म्हणून कधीच न करण्यापेक्षा, "नियम मोडलास तर दुसऱ्याच दिवशी आपण समुपदेशकाकडे जाऊ" असे म्हणून खरेच जाणे जास्त कामाचे आहे.

जुनी उधारी मुलाने स्वतःच्या कमाईतून, हप्त्याने फेडावी. घरच्यांनी एकरकमी फेडली की नवी उधारी द्यायला विकणारे तयारच असतात. विकणारा घरी येऊन धमकावत असेल तर मात्र मुलाला एकटे पाठवू नका. चार जाणती माणसे सोबत घेऊन पोलिसांकडे जा.

आणखी एक सल्ला नातेवाईक हमखास देतात, "लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल." असे करू नका. व्यसन लग्नाने सुटत नाही. एका मुलीचे आयुष्य मात्र त्यात होरपळते. मुलगा नीट सावरला, कमावता झाला, त्यानंतर आणि मुलीकडच्यांना सगळे खरे सांगूनच लग्नाचा विचार करावा.

दहा बाय बाराच्या खोलीत हे कसे जमवायचे?

पुस्तकात लिहितात, मुलाला शांत वातावरण द्या. आपल्या घरात एका खोलीत सहा माणसे, दाराबाहेर नाका आणि नाक्यावर तीच जुनी टोळी. मुलाला कोंडून ठेवणे शक्य नाही आणि योग्यही नाही. मग करायचे काय?

नशेची ओढ दिवसभर सारखी नसते. ती लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. बहुतेकांची वेळ ठरलेली असते, दिवे लागणीनंतरची किंवा पगाराच्या दिवसाची. ती वेळ कोणती, हे मुलालाच विचारा आणि तेवढ्या वेळेपुरती सोय करा. ताईंचा मुलगा संध्याकाळी सातच्या सुमारास अस्वस्थ व्हायचा. तेव्हा वर्षावास चालू होता, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. काकांनी त्याला माइक आणि दिव्यांची वायर लावायच्या कामाला घेतले. पहिले काही दिवस तो वाचन ऐकतही नव्हता, बाहेर बसून राहायचा. तरी सात ते साडेआठ तो नाक्यावर नव्हता, हे पुष्कळ झाले. विहार नसेल तिथे अभ्यासिका, व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, एखाद्या कारागिराच्या हाताखालचे काम, काहीही चालेल. सोबत नशा न करणारी माणसे हवीत, एवढीच अट.

दुसरा मुद्दा कडू आहे. घरात बाप रोज पाव लिटर आणून पितो आणि मुलाला व्यसनमुक्तीवर भाषण देतो, असे चालत नाही. मुलगा घरी आल्यावर घरात बाटली नको, गुटख्याची पुडी नको. आईच्या मशेरीचाही विचार करा. तीही तंबाखूच आहे. वडिलांना लगेच सोडणे जमत नसेल तर त्यांनीही उपचाराला जावे. बाप आणि मुलगा एकाच दिवशी ओपीडीच्या रांगेत उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

हळदीची रात्र, मिरवणूक, वाढदिवस हे धोक्याचे प्रसंग असतात. जायचे की नाही हे आधी ठरवा. जायचेच तर सोबत कोण आणि किती वाजता परतायचे तेही ठरवा. जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणारे आपल्याच वस्तीतले असतात, हे आपण कबूल करायला हवे. सावरणाऱ्या मुलांना त्या दिवशी पाणपोईवर, भोजनदानात किंवा पुस्तकांच्या स्टॉलवर काम द्यावे.

पुन्हा घसरला तर

बरीच मुले सोडल्यानंतर एकदा तरी घसरतात. रक्तदाबाच्या, दम्याच्या रुग्णालाही त्रास उलटतो, तसेच हे आहे. घसरला म्हणजे केंद्राचे पैसे पाण्यात गेले असे नाही. उपचारात काय कमी पडले ते शोधायचे आणि लवकरात लवकर पुन्हा सुरू करायचे.

घसरण एका दिवसात होत नाही. आधी खुणा दिसतात. समुपदेशकाची तारीख चुकवणे, जुन्या मित्राचा फोन, आंघोळ आणि जेवणाची वेळ बिघडणे, "मी आता पूर्ण बरा आहे, एकदा घेतल्याने काय होतंय" असे बोलणे. अशा खुणा दिसल्या की वाट न पाहता भेटीची तारीख अलीकडे घ्या.

मुलाने येऊन स्वतः सांगितले, "आई, काल मी घेतली," तर त्या क्षणी तुम्ही काय करता यावर पुढचे बरेच अवलंबून असते. चप्पल उगारली तर पुढच्या वेळी तो लपवेल. "सांगितलंस ते बरं केलंस. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ," एवढे म्हणा. राग येणारच. तो शेजारणीजवळ, बहिणीजवळ मोकळा करा.

जीवाला धोका असतो त्या वेळी काय करायचे तेही माहीत हवे. गर्दसारखी नशा काही आठवडे बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग जुन्याच प्रमाणात घेतली तर श्वास बंद पडू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस यासाठी फार धोक्याचे असतात. मुलगा हाका मारून उठत नसेल, श्वास फार हळू किंवा घरघर करत चालला असेल, ओठ-नखे निळी पडली असतील तर "झोपू दे, उतरेल" असे म्हणू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवून ठेवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. मीठपाणी, लिंबूपाणी, ताक पाजू नका, उलटी काढू नका, अंगावर गार पाणी ओतू नका. श्वास चालू आहे का ते रुग्णवाहिका येईपर्यंत पाहत राहा. त्याने काय घेतले होते ते डॉक्टरांना खरे सांगा.

लहान मुलांमध्ये सोल्युशन, व्हाइटनर, पेट्रोल हुंगण्याचे प्रमाण जास्त आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत असे हुंगण्याचे पदार्थ वापरणाऱ्यांचे प्रमाण १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के आढळले. सोल्युशन ओढलेल्या मुलाच्या मागे धावू नका, त्याला एकदम घाबरवू नका, मारू नका. या नशेत अचानक धावपळ किंवा भीती झाली तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. आधी मोकळ्या हवेत आणा आणि शांत बसवा.

हात उगारला तर सहन करू नका

साथ देणे म्हणजे मार खाणे नव्हे. मुलगा आईवर हात उचलत असेल, बहिणीला त्रास देत असेल, घरातील भांडी-दागिने विकत असेल, तर घरातील बाकीच्यांची सुरक्षा आधी. अशा वेळी शेजाऱ्यांकडे जा, ११२ ला फोन करा. आईने पोलिसांना बोलावले म्हणजे तिची माया आटली असे नाही. शुद्धीवर आल्यावर मुलाला सांगा, "तुला आम्ही सोडलेलं नाही, पण हे घरात चालणार नाही."

धाकट्या भावंडांकडेही लक्ष असू द्या. सगळे घर एका मुलाभोवती फिरत असते आणि दुसरा गुपचूप शाळेत मागे पडत जातो. त्यांना त्यांच्या वयाला कळेल असे खरे सांगा, "दादा आजारी आहे, उपचार चालू आहेत, तुझा यात काही दोष नाही."

आईवडिलांनीही स्वतःला सांभाळावे

ताई तीन महिने नीट झोपल्या नव्हत्या. रक्तदाब वाढलेला, दोन घरची धुणीभांडी सुटलेली. आम्ही त्यांचीही तपासणी करून घेतली. घर चालवणारी माणसेच कोसळली तर मुलाला आधार कोणाचा?

हे ओझे एकट्याने वाहू नका. सगळ्या वस्तीला सांगायची गरज नाही, पण विश्वासाच्या दोन माणसांना सांगाच. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल्-अ‍ॅनॉनसारखे गट चालतात, तिथे फी नसते. व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आणि नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा असतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. तिथेही घरच्या माणसांबरोबर काम होते.

उपचार कुठे घ्यावा आणि कायदा काय सांगतो

खाजगी केंद्र परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालये, सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठ्या शहरांतील महापालिकेची प्रमुख रुग्णालये येथे मनोविकार विभाग असतो. केस पेपर काढून तिथे दाखवता येते. खूप मुलांना भरती व्हावेही लागत नाही, ओपीडीतील औषधे आणि समुपदेशनावर ती सावरतात.

केंद्र निवडताना आधी जाऊन पाहा. नोंदणी आहे का, डॉक्टर नियमित येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मुलांना साखळीने बांधणे, मारणे असे काही दिसले तर तिथे ठेवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे.

पोलीस केस होईल या भीतीनेही अनेकजण दवाखान्यात जात नाहीत. डॉक्टर रुग्णाची माहिती गुप्त ठेवतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये तर सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणातील गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतल्यास खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. अशी वेळ आली तर मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

विकणाऱ्यांसाठी कायदा कडक आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. एकट्या आईने तक्रार केली तर तिला त्रास होतो. महिला मंडळाने, विहार समितीने मिळून निवेदन दिले तर दखल घेतली जाते.

ताईंच्या घरी पुढे काय झाले?

हिवाळ्यात एका हळदीला ताईंचा मुलगा घसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि ताई दोघे मिळून परिचारिकाताईंच्या दारात उभे होते. त्यानेच आईला सांगितले होते. त्याच दिवशी ओपीडी गाठली. पुन्हा केंद्रात ठेवायची वेळ आली नाही. एप्रिलमध्ये जयंतीला तो रात्री अकरापर्यंत पाणपोईवर होता. आता एका वायरमनच्या हाताखाली काम करतो आणि बचत गटाचा हप्ता त्याच्या मजुरीतून जातो. पुढे पुन्हा कधी घसरणार नाही असे आम्ही म्हणणार नाही, तोही म्हणत नाही. घसरलो तर कोणाकडे जायचे, हे मात्र त्याला आणि त्याच्या आईला माहीत आहे.

आपल्या घरात असा प्रसंग असेल तर पुढच्या रविवारी वंदनेनंतर थोडा वेळ थांबा. आमच्यापैकी कोणीतरी तिथे असतेच.

कापून भिंतीवर लावण्यासाठी

• मारू नका, लपवू नका. शुद्धीत असताना बोला.
• दारू एकदम घरी बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.
• न सांगता कोणतेही औषध देऊ नका.
• चारपाच नियम लिहा. आईवडिलांचे मत एक ठेवा.
• घसरला तर त्याच आठवड्यात पुन्हा उपचार.
• बेशुद्ध असेल, श्वास मंद असेल तर कुशीवर वळवा आणि १०८.

व्यसनमुक्ती मदतवाणी: १४४४६
मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस, रात्रंदिवस: १४४१६
तंबाखू सोडण्यासाठी: १८००-११-२३५६
मुलांसाठी मदतवाणी: १०९८
अमली पदार्थ विक्रीची माहिती देण्यासाठी: १९३३
रुग्णवाहिका: १०८
पोलीस: ११२